एक विरोध वगळून

आमच्या तोक्योतल्या मराठी मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत विरोध पुष्कळ आहेत आणि ते सगळे एकाच गृहस्थांचे आहेत. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. पुण्या-मुंबईहून संगणकाच्या कामावर आलेली पंचवीस-तीस कुटुंबं, त्यातली निम्मी करार संपला की परत जाणारी, असं ते मंडळ. अशा मंडळात विरोध करावा असं फारसं काही घडत नाही. हळदीकुंकू कोणत्या रविवारी घ्यायचं, सहलीला डबे घरून आणायचे की नाही, इतपत विषय. पण या गृहस्थांना विषयाची अडचण कधी पडली नाही. ठराव वाचून झाला आणि अध्यक्षांनी "सर्वानुमते?" असं म्हणत मान हलवायला घेतली, की खिडकीजवळच्या खुर्चीतून शांत आवाज यायचा, "चिटणीसबाई, माझा विरोध नोंदवा."

चिटणीसबाई म्हणजे मी. नवऱ्याचं ऑफिस तोयोसुला, घर फुनाबोरीला, आणि मी लग्नाआधी पुण्यातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात सहा वर्षं सभांची इतिवृत्तं लिहीत होते. हे मी एकदा कुणाच्या तरी घरी कोथिंबीर निवडताना बोलून गेले. परदेशात आपलं पूर्वीचं काम कुणाला सांगू नये. पुढच्या सभेत मला बिनविरोध चिटणीस केलं, म्हणजे एकाचा विरोध वगळता. त्यांचं म्हणणं होतं की निवड करण्याआधी माझी संमती विचारायला हवी होती. ते बरोबर होतं. माझ्या वहीतली पहिली नोंद तीच आहे.

इतिवृत्त लिहिणं ही न लिहिण्याची कला आहे, असं मला कॉलेजात शिकवलं होतं. "सविस्तर चर्चा झाली" म्हणजे भांडण झालं. "काही सदस्यांनी उपयुक्त सूचना केल्या" म्हणजे एकाने पाऊण तास खाल्ला. "विषय पुढील सभेवर ठेवण्यात आला" म्हणजे जो करणार होता तो आलाच नाही. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव मंजूर, आभार, चहा. माणसं काय बोलली हे लिहायचं नसतं, काय ठरलं ते लिहायचं असतं. सहा वर्षांत माझ्या एकाही इतिवृत्तावर कुणी हरकत घेतली नव्हती, आणि याचा मला अभिमान होता.

खिडकीजवळच्या गृहस्थांनी तो अभिमान दोन सभांत उतरवला. सगळे त्यांना काका म्हणत. ते पन्नाशीचे होते आणि आम्ही सगळे तिशीचे, एवढंच त्याचं कारण. ते एका कारखान्यात यंत्रांचे प्रोग्रॅम लिहायला आलेले, एकटेच राहत. काकू आणि कॉलेजातला मुलगा पुण्याला. यंत्रांची माहितीपत्रकं वाचता यावीत म्हणून ते जपानी अक्षरं शिकले होते आणि आमच्यात ती खऱ्या अर्थाने वाचता येणारे ते एकटेच होते. सभा संपली की ते माझ्याकडून वही मागून घेत, आपला विरोध ओळीवर बोट ठेवून वाचत आणि वही परत देत. नोंद बरोबर असली तर काही बोलत नसत. चुकली असली तरच बोलत. तरुण मंडळी त्यांच्यामागे त्यांना विरोधी पक्ष म्हणत, आणि मीही म्हणत असे.

मंडळाची एकच गोष्ट खरोखर चालायची, ती म्हणजे शनिवारचा मुलांचा मराठी वर्ग. कोतोमधल्या एका सार्वजनिक सभागृहात दुसऱ्या मजल्यावरची खोली आम्हाला त्यासाठी मिळे, सभाही तिथेच होत. तिथे नोंदणी दर एप्रिलला नव्याने करावी लागे आणि नोंदणीला तीन कागद लागत: मंडळाचे नियम, सभासदांची यादी आणि वार्षिक सभेचं इतिवृत्त. इतिवृत्ताला जपानीत गिजिरोकु म्हणतात. ते जपानीत लिहून, शेवटी अध्यक्षांच्या नावाचा शिक्का उठवून द्यायचं. शिक्का माझ्याच पर्समध्ये असे, कारण अध्यक्षांनी तो दोनदा हरवला होता.

त्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या पुष्परचना मंडळाने आमच्या मुलांच्या धावण्याबद्दल तक्रार केली. तक्रार अशी की छत वाजतं. धावणारी मुलं सगळी पाचाच्या आतली होती. मोठ्यांना वर्गात आणताना ओढत आणावं लागे, धावण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून वार्षिक सभेत ठराव आला: पाच वर्षांखालील मुलांना वर्गात आणू नये.

माझी मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची होती. ती मागे भिंतीपाशी बसून मोठ्या मुलांचं ऐके आणि घरी येऊन भाताच्या शितांनी ताटात ग काढे. सोमवार ते शुक्रवार ती बालवाडीत जपानीत असायची. शनिवारचे दोन तास आणि मी, एवढंच तिचं मराठी. ठराव माझ्या घरावर येत होता हे मला दिसत होतं. चिटणीसाने चर्चेत भाग घेऊ नये असा एक संकेत आहे. तो संकेत मी त्या दिवशी स्वतःला सोयीने लागू करून घेतला आणि खाली मान घालून लिहीत राहिले. स्वतःच्या मुलीसाठी बोलते आहे असं कुणी म्हणू नये, हे खरं कारण.

काका बोलले. त्यांचं इथे मूलच नव्हतं. ते म्हणाले, "दहा वर्षांची मुलं तुमचं ऐकतात कुठे? ऐकतात ती चार वर्षांची. आणि तुम्ही त्यांनाच बाहेर बसवताय. चिटणीसबाई, माझा विरोध नोंदवा."

नोंदवला. ठराव बहुमताने मंजूर झाला.

मग मी आठवडाभर शब्दकोश घेऊन इतिवृत्ताचं जपानी केलं, काकांच्या विरोधासकट, आणि सभागृहाच्या कचेरीत गेले. तिथले कारकून साठीकडे झुकलेले, फार सौजन्याचे गृहस्थ होते. माझ्याशी बोलताना प्रत्येक शब्द वेगळा करून, ताटात वाढल्यासारखा बोलत. त्यांनी कागद वाचला आणि विरोधाच्या ओळीपाशी थांबून दातांतून हवा आत ओढली. जपानमध्ये हा आवाज आला की माणसाने छत्री उचलून निघायच्या तयारीत असावं.

त्यांनी विचारलं, हे सभासद नियम पाळणार नाहीत का? मी म्हटलं, पाळतील, त्यांना इथे मूल नाही. ते म्हणाले, मग विरोध कशाला? एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या जपानीत मावत नव्हतं. मराठीतही मावलं असतं असं नाही. मग त्यांनी फार मऊ आवाजात सुचवलं की खालच्या मंडळाला हा कागद दाखवायचा आहे, तेव्हा एकदा सगळ्यांशी बोलून, सगळ्यांचं एक करून आणलं तर बरं. मुदत उद्यापर्यंत आहे. त्यांच्या पद्धतीत माणसं आधी घरोघरी जाऊन एकमत करतात आणि मग सभेत नुसत्या माना डोलावतात. आमच्या पद्धतीत सभेत भांडतात आणि एकमत जिन्यात चपला घालताना होतं. हे मला त्यांना समजावता आलं नाही.

मी बाहेर आले. पेयांच्या यंत्राशेजारी एक बाक होता, त्यावर बसून शेवटचं पान नव्याने लिहिलं. विरोधाची ओळ गाळली. "बहुमताने"च्या जागी "सर्वांच्या संमतीने" लिहिलं, पर्समधून शिक्का काढून उठवला आणि अर्ध्या तासात आत जाऊन दिलं. कारकून मनापासून वाकले. इतक्या लवकर सगळ्यांशी बोलणं कसं झालं, हे त्यांनी विचारलं नाही. मराठी वहीत खरी नोंद होतीच. जपानी कागद कोण वाचतो, असं मी फुनाबोरीला उतरेपर्यंत स्वतःला सांगत होते.

उन्हाळ्यात शनिवारी माझी मुलगी बाबाबरोबर बागेत जाऊ लागली. बागेत जपानी मुलं होती, खेळायला छान. जूनमध्ये ती मला "आई, ते बघ" म्हणायची. जुलैत "आई, मिते" म्हणू लागली, म्हणजे तेच, बघ. ऑगस्टात "मामा, मिते" झालं. मामा म्हणजे तिकडे आई. माझ्या भावाला पुण्यात फोनवर हे सांगितलं तर तो खूप हसला. मी हसले नाही. आई हा शब्द मला उद्देशून म्हणणारं जगात एकच माणूस होतं, आणि त्याने तो ठेवून दिला होता.

एप्रिलनंतरची पहिली सभा सप्टेंबरात होती. काका नेहमीप्रमाणे आधी आले, खुर्च्या मांडायला मदत केली आणि खिडकीजवळ बसले. सभा सुरू झाली. पहिला ठराव वाचला. मी पेन उचलून त्यांच्याकडे बघितलं. ते बाहेर बघत होते. दुसरा ठराव, तिसरा ठराव. तिसरा तर सहलीला सकाळी सहाची गाडी पकडण्याचा होता, ज्याला मीसुद्धा विरोध केला असता. काका गप्प. सगळे ठराव सर्वानुमते मंजूर. अध्यक्ष खुशीत आले आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "वहिनी, काका सुधारले."

सभा संपल्यावर काकांनी वहीही मागितली नाही. मी खुर्च्या आवरण्याच्या निमित्ताने त्यांच्याजवळ गेले आणि बरं वाटत नाही का, असं विचारलं. त्यांनी दाराबाहेरच्या फलकाकडे बोट केलं. सज्जन कारकुनांनी पुष्परचना मंडळाच्या समाधानासाठी आमच्या गिजिरोकुचा शेवटचा भाग तिथे लावला होता, एप्रिलपासून. आम्ही सगळे, मीसुद्धा, पाच महिने फलकाकडे न बघता त्याच्या शेजारून ये-जा करत होतो. तो वाचता येणारे काका एकटे, आणि ते शनिवारी येत नसत.

मी जे केलं ते सरळ सांगितलं. बाक, यंत्र, शिक्का, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खुर्ची मिटता मिटता म्हणाले, "चिटणीसबाई, मी एकदा सर्वानुमते झालेलो आहे."

पिंपरीकडच्या एका कारखान्यात ते तरुणपणी होते. काम भराभर व्हावं म्हणून दाबयंत्राच्या तोंडावरची जाळी काढायची, असं अधिकाऱ्यांच्या बैठकीत ठरलं. काका नको म्हणाले. इतिवृत्तात सर्वानुमते आलं. ते टाइप करणाऱ्याला तसंच लिहायची सवय होती आणि काकांना वाचायची नव्हती. तीन महिन्यांनी एका कामगाराची चार बोटं गेली. चौकशीत काका म्हणाले, मी नको म्हटलं होतं. चौकशीवाले म्हणाले, कुठे आहे दाखवा.

"त्याचं एवढं नाही," ते म्हणाले. "पण पुढे पुढे मलाच वाटायला लागलं की आपण बोललोच नसू. नुसतं मनात आलं असेल. आजही खात्री नाही."

माझ्यावर ते रागावले नाहीत. तुम्हाला खोली सांभाळायची होती, मुलांचं बघायचं होतं, मी समजू शकतो, असं म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला. चार शब्द सुनावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. समजूतदार माणसांपुढे अपराध्याला करायला काही उरत नाही.

नोव्हेंबरात मुलगी पाच वर्षांची झाली आणि त्याच शनिवारी मी तिला वर्गात नेलं. ती जुन्या सवयीने भिंतीपाशी जाऊन बसली. शिकवणाऱ्या बाईंनी तिला पुढे बोलावलं, फळ्यावर ग काढला आणि हे काय, असं विचारलं. तिने बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, पण जपानीत: हे मला येत होतं ना? मी हो म्हटलं. मी बोललो होतो ना, असं स्वतःला विचारणारं दुसरंही एक माणूस मला माहीत होतं.

डिसेंबरच्या सभेत पहिला विषय नेहमीचा होता, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मी ते वाचलं आणि बसले नाही. म्हटलं, मला ठराव मांडायचा आहे. चिटणीस ठराव मांडतात का, असं कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, मांडते आहे. एप्रिलच्या सभेच्या इतिवृत्ताची जी प्रत चिटणीसांनी सभागृहाला दिली, तीत एक विरोध वगळला होता. ती प्रत खोटी असून खरी प्रत सभागृहाला देण्यात यावी. सूचक, मी.

अध्यक्षांनी आधी मला बसायला सांगितलं. मग म्हणाले, "वहिनी, आपल्या वहीत बरोबर आहे ना? मग तो जपानी कागद राहू दे की." दोघातिघांनी खोली जाईल म्हणून सांगितलं. एकाने आठ महिन्यांपूर्वीचं कशाला उकरायचं, असं विचारलं. सगळ्यांची मुलं वर्गात होती आणि कुणाचं चुकत होतं असंही नाही. शेवटी अध्यक्षांनी सुटकेचा मार्ग काढला. ते म्हणाले, ठरावाला अनुमोदक लागतो. अनुमोदक आहे का?

माझा नवरा खोलीतच होता. त्याने घड्याळात बघितलं. मी उभीच. अनुमोदक नसेल तर ठराव पडतो, तो वहीतही येत नाही. म्हणजे मी बोललेच नाही असं होणार होतं.

"अनुमोदन," खिडकीजवळून आवाज आला.

सगळ्यांनी वळून बघितलं. काकांनी हात वर केला होता, शाळेतल्या मुलासारखा, कोपर सरळ ठेवून. इतक्या वर्षांत त्यांनी कशालाही अनुमोदन दिलेलं नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, काका, विरोध तुमचाच आहे, तुम्हालाच कसं देता येईल? काका म्हणाले, नियमात मनाई कुठे आहे, दाखवा. नियमात मनाई नव्हती. नियम मीच लिहिले होते.

मग अध्यक्षांनी विचारलं, ठरावाला कुणाचा विरोध? मी पेन उघडलं आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत थांबले. मघाशी विरोधात बोललेले सगळे तिथेच बसले होते. पण बोलणं वेगळं आणि नाव वहीत जाणं वेगळं. ती सवय आमच्यात एकाच माणसाला होती. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी खरी प्रत घेऊन मी कचेरीत गेले. मी काय केलं होतं ते जपानीत पाठ करून गेले होते आणि मध्येच विसरले, तेव्हा नुसतीच वाकले. कारकुनांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. हवा ओढली. मग म्हणाले, एकमत हवंच असा सभागृहाचा काही नियम नाही. तुमच्यात भांडण आहे असं खालच्या मंडळाला वाटलं तर तुम्हाला लाज वाटेल, म्हणून मी सुचवलं होतं. मी म्हटलं, भांडण आहेच. त्यांनी कागदावर तारखेचा शिक्का मारला, फलकावरचा जुना कागद काढला आणि नवीन लावला. त्यात विरोधाची ओळ होती, काकांच्या नावासह. पुढच्या एप्रिलला खोल्यांच्या वारांची सोडत निघाली, तीत आम्हाला शनिवार मिळाला नाही, रविवारची सकाळ मिळाली. ते त्या कागदामुळे की सोडतीमुळे, याची कुठे नोंद नाही. मुलगी रविवारी जाऊ लागली. मला पुन्हा आई म्हणू लागली, पण काहीतरी हवं असेल तेव्हाच.

त्याआधी, फेब्रुवारीच्या सभेनंतर, काकांनी वही मागितली. डिसेंबरचं पान काढलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. सूचक म्हणून माझं नाव, अनुमोदक म्हणून त्यांचं. त्या वहीत ते त्या जागी तेवढं एकदाच आहे. बोट तिथे बराच वेळ थांबलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि वही माझ्यापुढे ठेवली.

"खोटी हा शब्द तुम्ही स्वतःला लावलाय. चुकीची पुरेसं होतं," ते म्हणाले. "अनुमोदन ठरावाला आहे, त्या शब्दाला माझा विरोध नोंदवा."

मी नोंदवला आणि त्यांना वाचून दाखवला.